लिंबाजीचं पिस्तूल आणि मंजुळेचा पाळणा

एक गाव होतं. गावात शहाणे पुष्कळ होते. भोळा एकच होता. त्याचं नाव लिंबाजी.

लिंबाजी अंगाने दांडगा. मिशी अशी की लांबून बघणाऱ्याला धडकी भरावी. जवळ गेलं की कळायचं, मिशीच्या मागे कोणी राहत नाही. त्याला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं विसरायचा नाही, हीच खरी पंचाईत होती.

त्याची बायको द्वारका. त्यांची लेक मंजुळा नुकती रांगायला लागली होती. या वयाचं पोर काय असतं ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. दिसेल ते ओढायचं, ओढलं ते तोंडात घालायचं, आणि आई पाठ कधी फिरवते याची वाट बघायची. द्वारकेने सुई, कात्री, विळी सगळं फळीवर नेऊन ठेवलं होतं. आता घरात काही धोका नाही, असं तिला वाटत होतं.

लिंबाजीचा आतेभाऊ म्हणजे सुभानराव. गावातल्या शहाण्यांत पहिला नंबर. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे होते. काळा गॉगल होता. 'हो दादा, हो दादा' म्हणणारी माणसं होती. फक्त कमरेला पिस्तूल लावलेला माणूस मागे नव्हता. शेजारच्या गावच्या पुढाऱ्याच्या मागे तसा एक होता, तेव्हापासून सुभानरावांना जेवण गोड लागत नव्हतं.

ते लिंबाजीला म्हणाले, "तू पिस्तूल घे."

"कशाला दादा?"

"माझ्या मागे उभं राहायला."

"मी तसाही उभा राहतो की."

"तसा नको रे. पिस्तूल लावून."

अर्ज झाला. अर्जात लिहिलं, जिवाला धोका आहे. फौजदारसाहेबांनी लिंबाजीला समोर बसवून विचारलं, "कोणापासून धोका आहे?"

"अजून ठरलं नाही साहेब. दादा सांगतील."

फौजदार खूप हसले. पण वरून फोन आला आणि परवाना मिळाला. कसा मिळाला ते विचारू नये. गावातला रस्ता पहिल्या पावसात कुठे जातो, हे तरी आपण कुठे विचारतो?

पिस्तूल आलं. काळं, चपटं, मुठीत गोळ्यांचं मॅगझिन भरायचं. फौजदारांनी लिंबाजीला चार गोष्टी समजावल्या. "हे बघ, हे चामड्याच्या कव्हरात, बटण लावून, सदऱ्याखाली झाकून ठेवायचं. मिरवायचं नाही. परवाना कायम खिशात. आणि चुकून कोणाला पिस्तूल दिसलंच, तर त्याला आधी परवाना दाखवायचा. म्हणजे माणूस घाबरत नाही."

लिंबाजी म्हणाला, "आता कळलं."

ठाण्याबाहेर सुभानराव उभे होते. ते म्हणाले, "झाकून? मग घेतलं कशाला? सदरा आत खोच. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे."

लिंबाजी म्हणाला, "आता कळलं."

तो घरी आला. द्वारका भाकऱ्या थापत होती. तिने पट्टा बघितला, कव्हर बघितलं. तिचा हात पिठातच राहिला.

"अहो, हे काय आणलंत घरात?"

"पिस्तूल. जिवाला धोका आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या."

तेवढ्यात मंजुळा रांगत आली, बापाच्या मांडीला धरून उभी राहिली आणि पट्ट्याचं लोंबतं टोक धरून जोराने ओढायला लागली. द्वारकेने तिला उचलून पोटाशी धरलं.

"तुमच्या नाही," ती म्हणाली, "हिच्या आहे. हे आजच्या आज परत देऊन या."

"दादा रागावतील."

मग काय. दादांपेक्षा मोठं कोण आहे? पोर तर बोटभर.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी सदरा आत खोचून गावात निघाला. पिस्तूल सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे परवाना सगळ्यांना दाखवणं आलं. त्याने किराणावाल्याला दाखवला. न्हाव्याला दाखवला, न्हाव्याच्या पुढ्यात अर्धी दाढी होऊन बसलेल्या माणसालाही दाखवला. वाटेत एक म्हैस पिस्तुलाकडे बघत उभी राहिली. तिलाही दाखवला. म्हशीने परवाना हुंगला, आमची काही हरकत नाही अशी मान हलवली आणि निघून गेली.

एस.टी. स्टँडवर गाडी सुटत होती. खिडकीतल्या एका म्हातारीने लिंबाजीच्या कमरेकडे बघितलं आणि किंचाळली, "अगं बया, पिस्तूल!"

म्हातारीला दिसलं. पण परवाना दाखवण्याआधी गाडी सुटली.

लिंबाजी गाडीच्या मागे पळाला. पळताना पिस्तूल मांडीवर आपटायला लागलं, म्हणून त्याने ते कव्हरातून काढून हातात घेतलं. दुसऱ्या हातात परवाना. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि गाडी अशी पळवली की त्या गाडीला आपण एवढं पळू शकतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली. लिंबाजी धापा टाकत आत चढला.

सगळ्यांचे हात वर. एका नव्या नवरीने कानातलं काढून पुढे धरलं. एका गृहस्थाने जेवणाचा डबा पायाने सीटखाली सरकवला. एक म्हातारा म्हणाला, "बाबा, माझ्याकडं तंबाखू हाय फक्त. चुनाबी दुसऱ्याचा हाय."

"नको, नको," लिंबाजी म्हणाला, "हे वाचा."

कंडक्टरने परवाना पहिल्यापासून शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर सगळ्यांनी माना लांब करून तो बघितला.

"फोटो बरा आलाय," म्हातारी म्हणाली.

मग कंडक्टर चिडला. "अरे शहाण्या, लोकांसमोर असं बाहेर काढतात का? कोणी कितीही ओरडलं तरी बाहेर काढायचं नाही. हात खाली सोडून गप्प उभं राहायचं."

लिंबाजी घरी आला. "द्वारके, आता कळलं."

द्वारकेने मंजुळेला जमिनीवरून उचलून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एका शेतकऱ्याकडे नवा गोबरगॅस सुरू झाला. उद्घाटनाला अर्थातच सुभानराव. शेणही त्यांच्या हस्तेच कालवायचं होतं. फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा मागे सरका." दादा सरकले. "अजून थोडं." दादा अजून सरकले. मागे शेणकाल्याची टाकी होती. टाकीला त्यांची ओळख नव्हती. तिने सगळ्यांना घेते तसं त्यांनाही घेतलं.

सुभानराव कमरेपर्यंत शेणात उभे. जिवाला काही झालं नव्हतं, इस्त्रीला झालं होतं. ते ओरडले, "लिंब्या, बाहेर काढ!"

लिंबाजीने हात खाली सोडले आणि गप्प उभा राहिला.

"अरे बाहेर काढ मला! ऐकू येतं का?"

"येतंय दादा. पण लोकांसमोर बाहेर काढायचं नाही. कोणी कितीही ओरडलं तरी."

चार माणसं मदतीला धावली. लिंबाजी आडवा झाला. माणसांनी त्याच्या मिशीकडे बघितलं, मग कमरेकडे बघितलं, आणि आपण लांबूनच दादांच्या पाठीशी आहोत असं ठरवलं.

"मग लोकांना घरी पाठव!" सुभानराव शेणातून गरजले.

हे लिंबाजीला पटलं. त्याने एकेकाला हात जोडून घरी पाठवलं. सगळे गेल्यावर त्याने दादांना बाहेर काढलं. पण फोटोवाला जाता जाता आपलं काम करून गेला होता. तो फोटो तालुकाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. सुभानरावांचा एवढा प्रचार त्याआधी कधी झाला नव्हता.

सुभानराव अंगावरचं शेण निपटत म्हणाले, "गाढवा, काही करायच्या आधी बघावं माणसानं! समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, त्याच्याही मागे काय आहे. पुरतं बघावं आणि मगच हात चालवावा!"

लिंबाजी घरी आला. "द्वारके, आता कळलं."

द्वारकेने मंजुळेला उचलून घेतलं. पोरीच्या तोंडात काहीतरी होतं. बोट घालून काढलं तर कव्हराचं पितळी बटण. त्या दिवशी द्वारकेला घास गेला नाही.

मग सुभानरावांच्या पुतण्याचं लग्न आलं. मोठ्या लोकांच्या लग्नात आवाज मोठा लागतो. बँड होता, डीजे होता, फटाके होते. तरी कोणीतरी म्हणालंच, "पिस्तूलवाला कुठाय? नवरदेव पारावरून उतरला की हवेत एक बार काढ रे लिंबाजी."

बँडवाल्यांना सांगितलं, बार झाला की वाजवा. भटजींना सांगितलं, बँड वाजला की नवरदेव येईल. नवरदेवाला सांगितलं, बार होईपर्यंत उतरायचं नाही.

लिंबाजीने हवेत बघितलं. समोर आभाळ होतं.

"आभाळाच्या मागे काय आहे?" त्याने विचारलं.

"काय असणार? काही नाही. उडव."

"बघितल्याशिवाय हात चालवायचा नाही. दादांनी सांगितलंय."

वरातीत शाळेचे गुरुजी होते. ते म्हणाले, "मागे अवकाश आहे."

"आणि त्याच्या मागे?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. एक पाहुणा म्हणाला तारे. दुसरा म्हणाला देव. तिसरा म्हणाला, देव ताऱ्यांच्या पुढे की मागे ते आधी ठरवा. त्यावरून दोघांची जुंपली. बँडवाले पिपाण्या तोंडाला लावून उभे. नवरदेव पारावर घामाघूम. भटजी घड्याळाकडे बघत बसले आणि मुहूर्त निघून गेला. नवरीचा बाप डोक्याला हात लावून म्हणाला, "इथं आमचं कार्य खोळंबलंय, आणि यांना आभाळाच्या मागचं पडलंय."

त्या लग्नात फौजदारसाहेब जेवायला आले होते. ते हात न धुताच धावले.

"कोण उडवायला सांगत होतं?"

अख्खी वरात एकदम फटाक्यांच्या गप्पा मारायला लागली.

"लग्नात बार काढायला कायद्याने बंदी आहे," फौजदार म्हणाले. "वर गेलेली गोळी आभाळात राहत नाही. कोणाच्या तरी पोरावर खाली येते. लिंबाजी, आण ते इकडे."

लिंबाजीने मॅगझिन काढून दिलं. "रिकामं झालं साहेब."

"असं वाटतं सगळ्यांना." फौजदारांनी पिस्तुलाची नळी जमिनीकडे केली, वरचा भाग मागे ओढला. आतून एक काडतूस उडून मांडवात पडलं. "बघितलंस? मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत राहते. त्या एकीनेच माणसं मरतात. उघडून बघितल्याशिवाय रिकामं म्हणायचं नाही. कधीच नाही." त्यांनी ताकीद देऊन पिस्तूल परत दिलं, आणि लिंबाजीने मॅगझिन बसवून त्यांच्यासारखाच वरचा भाग मागे ओढून सोडला.

लिंबाजी घरी आला. "द्वारके, आता कळलं. एक आत राहते."

या वेळी द्वारकेने मंजुळेला उचललं आणि खालीच ठेवलं नाही. एक हात पोरीला, एक हात तव्याला, असा तिचा संसार सुरू झाला.

चारच दिवसांनी सार्वजनिक संडासाचं उद्घाटन होतं. सुभानरावांनी फीत कापली. वरचे मोठे साहेब आले होते. साहेबांना प्रवास लांबचा पडला होता, म्हणून पहिला मान त्यांनीच घेतला. लोक टाळ्या वाजवत होते. सुभानराव माइकवर म्हणाले, "आता सगळे बाहेर आले आहेत, तर भाषणांना सुरुवात करू."

"थांबा," लिंबाजी म्हणाला, "एक आत राहते."

त्याने दार ओढलं. कडी नवीन होती, ठेकेदार जुना होता. दार निघालं. एक आत होते. साहेबांनी गावाला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

त्या दिवसानंतर ते साहेब कधीही कुठल्याही उद्घाटनाला गेले नाहीत. ही एक चांगली गोष्ट लिंबाजीच्या हातून झाली.

असं करता करता निवडणूक लागली. ठाण्यातून निरोप आला. परवानाधारकांनी आपापली शस्त्रं आज संध्याकाळपर्यंत ठाण्यात जमा करावीत. द्वारकेने देवापुढे साखर ठेवली. निवडणूक होईपर्यंत तरी घर मोकळं.

पण त्याच दिवशी सुभानरावांनी महिला मेळावा ठेवला होता. गावातल्या बायका टेम्पोत भरून न्यायच्या होत्या. घरची सून म्हणून द्वारकेला पुढे बसायचं होतं. आणि सक्त ताकीद, लहान मुलं आणू नयेत. ती रडतात, महिलांच्या विकासाचं भाषण ऐकू येत नाही.

द्वारकेने चूल विझवली. मंजुळेला न्हाऊमाखू घातलं. उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "नीट ऐका. त्यातली काडतुसं काढा आणि पोरीचा हात कधी जाणार नाही अशा जागी ठेवा. मग ते ठाण्यात देऊन या. आणि पोरीकडे लक्ष द्या."

लिंबाजी फडक्याने पिस्तूल पुसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "हं."

ते 'हं' ऐकून द्वारकेच्या डोक्यात तिडीक गेली. "बघा, बघा! त्याला तेल, त्याला फडकं, त्याला मखमली कापड! पोरीला कधी एवढं जपलंत? आज असं करा, त्याचं जे जे करायचं ते हिचं करा, आणि हिचं जे जे करायचं ते त्याचं करा! माझं काय जातंय!"

टेम्पोने हॉर्न दिला. ती डोळे पुसत निघून गेली.

टोमणा लिंबाजीच्या कानापर्यंत जायचा, पुढे त्याला वाट नव्हती. तो म्हणाला, "आता कळलं."

आणि उचलून घ्यायला द्वारका घरात नव्हती.

लिंबाजीने आधी मॅगझिनमधली काडतुसं काढली. मग पोरीचा हात जाणार नाही अशी जागा शोधायला तो मंजुळेच्या मागे घरभर रांगला. मंजुळेचा हात खाटेखाली गेला. पिठाच्या डब्यात गेला. चपलेत गेला. शेवटी एक जागा सापडली. तिच्यापाशी गेल्यावर मंजुळेने आपणहून हात मागे घेतला. लिंबाजीने काडतुसं तिथे नीट पुरून ठेवली. कुठे ते कोणाला सांगितलं नाही. द्वारकेने 'ठेवा' म्हटलं होतं, 'सांगा' म्हटलं नव्हतं.

मग त्याने पोरीचं ते पिस्तुलाचं केलं. डाळीचं पीठ लावून अंग चोळलं. टाळू समजून वरच्या बाजूला तेल भरलं. काजळाची तीट लावली, कुंची घातली, पाळण्यात निजवून झोका दिला. पिस्तूल गुणी होतं. एकदाही रडलं नाही.

मग पिस्तुलाचं ते पोरीचं. मंजुळेला मखमली कापडाने पुसली. वाटीभर दूध पाजून ती भरली. आपल्या पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधली, तोंड जमिनीकडे करून, कारण नळीचं तोंड माणसांकडे करायचं नसतं. खिशात परवाना नेहमीचा. हिचा परवाना म्हणून जन्माचा दाखला घेतला. घराला कडी लावली आणि वाटेत भेटेल त्याला दाखला दाखवत ठाण्यात आला. मंजुळेला हा सगळा खेळ फार आवडला. ती खिदळत होती.

ठाण्यात हवालदार गुंजाळ रजिस्टरात मान घालून बसले होते. सकाळपासून शस्त्रं जमा करून त्यांची मान वर होत नव्हती.

"नाव?"

"लिंबाजी."

"परवाना ठेव." लिंबाजीने जन्माचा दाखला ठेवला. "भरलेलं आहे की रिकामं?"

"भरलेलं आहे. आत्ताच भरलंय."

"भरलेलं घेऊन ठाण्यात येतोस? आधी रिकामं कर!"

लिंबाजीला हे कसं करायचं ते माहीत नव्हतं. पण मंजुळेला माहीत होतं. तिने लगेच केलं.

"झालं साहेब रिकामं."

"नीट बघ. एक आत राहते."

खरंच एक आत राहिली होती. ती रजिस्टरावर आली.

आता गुंजाळांची मान वर झाली. "हे काय आहे?"

"मंजुळा. जमा करायची आहे."

गुंजाळ विचारात पडले. वरून आलेला हुकूम भिंतीवर चिकटवला होता. जमा करायला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, पाठवल्यास कारवाई होईल. यात पोराबाळांचं काही लिहिलेलं नव्हतं. गुंजाळांची नोकरी थोडीच राहिली होती. त्यांनी ओलं पान उलटलं आणि लिहिलं. नग एक. चालू स्थितीत. पावती फाडून दिली.

"जपून ठेव. निकाल लागल्यावर परत मिळेल."

महिला शिपाई शबाना बाहेरून आली. तिने मंजुळेला उचललं, बिस्किट दिलं आणि गुंजाळांकडे असं बघितलं की गुंजाळ पुन्हा रजिस्टरात शिरले. लिंबाजी बाकावर बसून राहिला. पिस्तूल नजरेआड होऊ द्यायचं नसतं ना.

इकडे द्वारका मेळाव्यातून परत आली. चहा मिळेल म्हणाले होते, आश्वासन मिळालं. घराला कडी. तिला वाटलं, नवरा पिस्तूल द्यायला गेला असेल. पण पोर? आत डोकावली तर पाळण्यात कुंची दिसली. म्हणजे निजली आहे. एकटी टाकून गेला, येऊ दे घरी, मग बघते. पोर उठायच्या आत घोटभर चहा करावा म्हणून तिने चूल पेटवली, पातेलं ठेवलं आणि पाळण्यापाशी आली.

मंजुळा इतकी शांत कधी निजत नसे. ताप तर नाही? तिने कुंचीखाली हात घालून कपाळ बघितलं. कपाळ थंडगार होतं. लोखंडाचं होतं.

तिने त्याला पुन्हा हात लावला नाही. पाळणा तसाच कडीवरून काढला, डोक्यावर घेतला आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी, एक थेंब सांडू न देता, ठाण्याकडे निघाली.

वाटेत बायका भेटल्या. "अगं, बघू तरी. कोणावर गेलीय?"

"बापावर," द्वारका म्हणाली. "कधी काय करेल सांगता येत नाही. लांब व्हा."

ठाण्यात तिला आधी शबानाच्या मांडीवर बिस्किट चोखणारी मंजुळा दिसली. द्वारकेने पाळणा हळूच टेबलावर ठेवला आणि पोरीला अशी उचलली की बिस्किट कुठे उडालं कळलं नाही. मग ती रडली.

"पावती?" गुंजाळ म्हणाले. "निकालाआधी देता येत नाही."

"हे घ्या आणि माझी पोर द्या!" द्वारकेने कुंचीकडे बोट दाखवलं. "हे परत मागायला आम्ही कधी येणार नाही. निकाल काहीही लागू दे!"

फौजदार आतून आले. त्यांनी कुंची काढली. काजळ पुसलं. डाळीचं पीठ झटकलं. मॅगझिन काढून बघितलं, रिकामं होतं.

"काढली मी सगळी," लिंबाजी छाती फुगवून म्हणाला.

फौजदारांनी नळी जमिनीकडे धरून वरचा भाग मागे ओढला. टप्. एक काडतूस टेबलावर पडलं. संडासापासून सगळीकडे जी एक आत राहते ती लिंबाजीने शोधली होती. फक्त पिस्तुलात बघायची राहिली होती.

द्वारकेने पोरीचं डोकं पदरात झाकलं.

"परवाना रद्द," फौजदार म्हणाले. "आण तो इकडे. आणि बाकीची काडतुसं कुठायत?"

"पोरीचा हात कधी जाणार नाही अशा जागी."

"कुठे?"

"चुलीत," लिंबाजी म्हणाला. "राखेखाली."

द्वारकेने फौजदारांकडे बघितलं.

"मी चहा ठेवून आलेय," ती म्हणाली.

धाड!

आवाज त्यांच्याच आळीतून आला. मग धाड, धाड, धाड. लोक पळाले. कुत्री पळाली. लिंबाजीच्या घराची कौलं उडाली, चहाचं पातेलं उडून शेजारच्या छपरावर बसलं. घरात चिटपाखरू नव्हतं. नशीब म्हणा, नाहीतर गुंजाळांची पावती म्हणा. सुभानराव मेळाव्याच्या मांडवात उरलेले बुके मोजत होते. त्यांना वाटलं, अर्जात लिहिलेला धोका आला. ते जे पळाले ते थेट गोबरगॅसच्या टाकीत, या वेळी आपल्या पायांनी, आणि आतून ओरडले, "मला बाहेर काढू नका!"

आवाज थांबले. धूर वर गेला. फौजदार म्हणाले, "संपली वाटतं. चला रे बघायला."

"थांबा साहेब," लिंबाजी म्हणाला, "एक आत राहते."

"गप्प बस!"

धाड!

त्याच्या जन्मात तो पहिल्यांदाच बरोबर निघाला होता. त्याने मिशीवरून हात फिरवला, सगळ्यांकडे आनंदाने बघितलं आणि म्हणाला, "आता कळलं."

ते ऐकून फौजदार टेबलाखाली गेले, गुंजाळ रजिस्टराखाली गेले, आणि द्वारका पोरीला घेऊन कोठडीत शिरली आणि आतून म्हणाली, "शबानाताई, बाहेरून कुलूप लावा."